रानपिंगळ्याचे गोत्र : एका शोधनिबंधाची चिकित्सा

तलासरीला शिक्षकांच्या एका छोट्या शिबिरात आम्ही प्राण्यांच्या वर्गीकरणाविषयी बोलत होतो. दिवस कलला तसा आवारातल्या चिंचेवरून 'चिर्र चिर्र चिरूर्र' असा भांडखोर कलकलाट सुरू झाला. पिंगळ्याची जोडी ढोलीबाहेर आली होती. तिच्याकडे बोट दाखवून एका बाईंनी विचारले, "हा पिंगळा. मग वर्तमानपत्रात ज्याच्याबद्दल येतं तो रानपिंगळा वेगळा कशावरून? रानात राहतो म्हणून? आमच्या पाड्यावरचा हा पिंगळाही रानातच राहतो की!" डहाणूहून आलेल्या एका गुरुजींनी त्याला जोड दिली, "आणि त्याचं शास्त्रीय नाव एका पुस्तकात हेटरोग्लॉक्स ब्लेविटी, तर दुसऱ्यात अथीनी ब्लेविटी. मुलांना खरं नाव कुठलं सांगायचं?"

त्या वेळी आम्ही दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर देऊन मोकळे झालो : "आता जनुकांची तपासणी झाली आहे, त्यामुळे तो वाद सुटला." हे उत्तर चुकीचे नव्हते, पण अर्धवट होते. घरी परतल्यावर ज्या शोधनिबंधाच्या आधाराने आम्ही ते दिले होते, तो पुन्हा शांतपणे वाचला. तेव्हा लक्षात आले की बाईंचा प्रश्न वेगळा होता, गुरुजींचा वेगळा, आणि निबंधाने त्यांपैकी एकाचेच उत्तर दिले आहे. म्हणून हा लेख.

निबंध आहे २०१८ च्या फेब्रुवारीत 'प्लॉस वन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला. पंकज कोपर्डे, प्राची मेहता, सुषमा रेड्डी, उमा रामकृष्णन, शोमिता मुखर्जी आणि व्ही. व्ही. रॉबिन हे त्याचे लेखक. रानपिंगळा हा अथीनी या प्रजातीच्या वंशवृक्षाच्या आतच बसतो, हे त्यांचे सांगणे शीर्षकातच आले आहे. शतकभराच्या एका वादाला आपण हात घातला आहे, असेही ते शीर्षकातच म्हणतात.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू

चिकित्सेआधी दोन शब्द पक्के करायला हवेत. मराठी जीवशास्त्रात 'जाती' म्हणजे वर्गीकरणाची सर्वांत खालची मुख्य पायरी आणि 'प्रजाती' म्हणजे तिच्या वरची पायरी, जिच्यात एकमेकींच्या जवळच्या अनेक जाती येतात. शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. अथीनी ब्रामा म्हणजे अथीनी या प्रजातीतली ब्रामा ही जाती. हा झाला आपला चिंचेवरचा पिंगळा. वर्तमानपत्रे मात्र सर्रास जातीलाच 'प्रजाती' म्हणतात. आपल्या वादात हा घोळ महाग पडतो, कारण वाद प्रजातीचा आहे, जातीचा नाही.

दुसरा घोळ मराठी नावांचा. रानपिंगळा, वनपिंगळा, जंगली पिंगळा या तिन्ही शब्दांचा अर्थ एकच, पण पक्षी दोन. वेगवेगळी पुस्तके ही नावे वेगवेगळ्या पक्ष्यांना देतात. या लेखात आम्ही दुर्मीळ पक्ष्याला 'रानपिंगळा' म्हणू, आणि ग्लॉसिडियम रेडिएटम या सर्वत्र आढळणाऱ्या, अंगभर बारीक पट्टे असलेल्या लहान घुबडाला 'जंगली पिंगळा'.

आता तिघांना शेजारी उभे करून पाहू. पिंगळा सुमारे २१ सेंटिमीटर लांबीचा, डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके, मानेमागे पांढुरका पट्टा. वस्ती, वाडी, चिकूची बाग, जुनी भिंत, सगळीकडे तो सुखाने राहतो. जंगली पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपक्यांऐवजी बारीक आडवे पट्टे असतात आणि पंखांवर तांबूस झाक दिसते. रानपिंगळा या दोघांपेक्षा थोराड दिसतो. त्याचे डोके आणि पाठ जवळजवळ बिनठिपक्यांची, करड्या तपकिरी रंगाची. पंख आणि शेपटी यांवर ठळक रुंद पट्टे. छाती भरीव तपकिरी, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा. पाय दणकट आणि पांढऱ्या पिसांनी भरलेले. चोच आणि नख्याही शरीराच्या मानाने मोठ्या.

बाईंच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच मिळते. रानपिंगळा वेगळा ठरतो तो रानात राहण्यामुळे नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात पिंगळा आणि रानपिंगळा एकाच परिसरात राहतात, तरी दोघांच्या मधली सरमिसळ झालेली रूपे तिथे दिसत नाहीत. एकत्र राहून वेगळे राहणे ही स्वतंत्र जातीची मोठी खूण. पक्षी जोडीदार निवडतो तो प्रामुख्याने आवाजावरून आणि हावभावांवरून. पिंगळ्याचा कर्कश कलकलाट आणि रानपिंगळ्याची मऊ, स्वरबद्ध हाक यांत इतका फरक आहे की पक्ष्यांचा स्वतःचा गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो आपला.

एका खोट्या चिठ्ठीची किंमत

या पक्ष्याच्या वर्गीकरणाची कथा समजून घेतल्याशिवाय २०१८ च्या निबंधाचे मोल कळत नाही. १८७२ च्या डिसेंबरात ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडमधल्या बसना परिसरात एक नमुना मिळवला. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. रंगरूपातला वेगळेपणा पाहून त्यांनी या पक्ष्यासाठी नवीच प्रजाती केली : हेटरोग्लॉक्स, म्हणजे 'निराळे घुबड'. पुढच्या अभ्यासकांना एवढा निराळेपणा पटला नाही, त्यांनी त्याला पिंगळ्याच्या अथीनी प्रजातीत घातले. वादाची सुरुवात झाली ती अशी.

१८८० च्या दशकात खानदेशात नोकरीला असलेले जेम्स डेव्हिडसन यांनी आणखी काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र पक्षी जणू गडप झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे सातच नमुने होते, आणि त्यांतला सर्वांत अलीकडचा होता कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातला. त्याच्या पायाच्या चिठ्ठीवर लिहिले होते : मांडवी, गुजरात, १९१४. तापीकाठचे हे मांडवी तलासरीपासून काही फार लांब नाही.

ती चिठ्ठी खोटी होती. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी त्या नमुन्याची तपासणी केली. क्ष-किरणांखाली पाहिले, शिवण पाहिली, आतले भरण पाहिले. कातडे एकदा उसवून पुन्हा भरल्याच्या खुणा मिळाल्या. मूळ भरण डेव्हिडसन यांच्या हातचे होते. ब्रिटिश संग्रहालयातून उचललेल्या जुन्या नमुन्यावर माइनर्ट्झहागेन यांनी नवी चिठ्ठी बांधली होती. १९९९ मध्ये 'आयबिस' या नियतकालिकात हे सारे प्रसिद्ध झाले.

या एका चिठ्ठीने पक्ष्याच्या इतिहासात खोटे ठिकाण आणि खोटे साल घुसवले. लबाडी उघड झाल्यावर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी खोटी नोंद बाजूला ठेवली आणि खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणी शोध घेतला. आधी पूर्वेकडची ठिकाणे पाहिली, तिथे काही मिळाले नाही. मग ते खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या विरळ जंगलात, भर दिवसा उघड्या फांदीवर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. मधे ११३ वर्षे गेली होती.

या कथेत शिक्षकांनी थांबून पाहावे अशी एक गंमत आहे. पुढे २०१४ मध्ये आणि त्या सुमारास गुजरातच्या डांग जिल्ह्यातल्या पूर्णा अभयारण्यात रानपिंगळा खरोखरच आढळला. म्हणजे माइनर्ट्झहागेन यांची थाप खऱ्या जागेच्या बरीच जवळ पडली होती. तेवढ्याने ती नोंद खरी ठरत नाही. गणिताचे उत्तर बरोबर आले, पण रीत शेजाऱ्याच्या वहीतून उचललेली असेल, तर आपण गुण देतो का? विज्ञानातही पुराव्याची रीत तपासली जाते, केवळ उत्तर नाही. आणि ही लबाडी उघडकीस आली ती जनुकांच्या परीक्षेने नव्हे, तर शरीररचनेच्या आणि सुईदोऱ्याच्या बारीक निरीक्षणाने. 'जुन्या पद्धती आता कालबाह्य झाल्या' असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पोथ्या आणि पिंगळे

आता मुख्य निबंधाकडे वळू. नमुन्यांच्या अभ्यासानंतर रासमुसेन आणि कॉलर यांनी हेटरोग्लॉक्स हे ह्यूम यांचे नाव पुन्हा वापरात आणले होते. प्रत्यक्ष पक्षी सापडल्यावर त्याच्या वर्तनाचाही अभ्यास झाला. रासमुसेन आणि फराह इश्तियाक यांनी १९९९ मध्ये त्याचे आवाज आणि सवयी नोंदवल्या. दिवसा शिकार करणे, उघड्या फांदीवर बसून जमिनीवरच्या सरड्या-सापसुरळ्यांवर झेप घेणे, शेपूट बाजूला झटकणे. यांतल्या काही सवयी आणि अंगावरचे पट्टे पाहिले तर तो जंगली पिंगळ्याच्या ग्लॉसिडियम प्रजातीची आठवण करून देतो. एकूण आकार पाहिला तर अथीनीची. आणि बिनठिपक्यांचे डोके, दणकट पाय पाहिले तर कुणाचीच नाही. शरीर एक सांगते, वर्तन दुसरे सुचवते. मग नाते ठरवायचे कसे?

कोपर्डे आणि सहकाऱ्यांनी यासाठी जनुकांचा आधार घेतला. ही रीत समजावून सांगायला पुण्याचे एक उदाहरण उपयोगी पडते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. देशभरातल्या हस्तलिखित पोथ्या जमवून त्या ताडून पाहिल्या. लेखनिक नक्कल करताना चूक करतो. त्याच्या पोथीवरून पुढे नकला झाल्या की तीच चूक त्या सगळ्यांत उतरते. त्यामुळे कोणत्या पोथ्यांत एकच विशिष्ट चूक आढळते हे पाहिले की त्या एका मूळ प्रतीवरून आल्या असाव्यात, असे ओळखता येते. बाहेरचे बांधणीचे कापड सारखे असून चालत नाही. आतल्या चुका सारख्या हव्यात.

डी.एन.ए. ही अशीच पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होत आलेली पोथी. तिची अक्षरे चारच. प्रत्येक पिढीत क्वचित एखादे अक्षर बदलते आणि तो बदल वंशजांत उतरतो. रानपिंगळा, पिंगळा, जंगली पिंगळा आणि त्यांचे इतर नातेवाईक यांच्या निवडक जनुकांतली अक्षरे शेजारी मांडून, समान बदलांवरून वंशवृक्ष काढणे, हा या निबंधाचा गाभा. लेखकांनी पेशीच्या केंद्रकातील आणि तंतुकणिकांतील अशा दोन्ही प्रकारच्या जनुकांचा उपयोग केला. हे महत्त्वाचे आहे. तंतुकणिकांतील डी.एन.ए. केवळ आईकडून येतो. केवळ त्यावर विसंबणे म्हणजे फक्त आजोळच्या बाजूने घराण्याचा इतिहास लिहिणे. केंद्रकातली जनुके दोन्हीकडून येतात, म्हणून दोन साक्षी जुळवून पाहता येतात.

निष्कर्ष असा की रानपिंगळा ग्लॉसिडियमच्या घरचा नाही. तो अथीनीच्या जवळचा आहे, इतकेच नव्हे तर अथीनीच्या वंशवृक्षाच्या आत बसतो.

'आत बसतो' याचा अर्थ नीट पाहू. समजा एका घराण्यात थोरली पाती, मधली पाती आणि धाकटी पाती आहेत. मधल्या आणि धाकट्या पातीचा मूळ पुरुष एकच आणि थोरली पाती त्याआधीच वेगळी झालेली. अशा वेळी केवळ मधल्या पातीने वेगळे आडनाव घेतले आणि थोरली-धाकटी जुनेच आडनाव लावत राहिली, तर आडनावावरून नाते कळेनासे होते. आजच्या वर्गीकरणाचा नियम असा की एका नावाखाली एका पूर्वजाचे सगळे वंशज यावेत, मधलेच कुणी वगळू नये. रानपिंगळा अथीनीच्या आत असेल, तर त्याला हेटरोग्लॉक्स म्हणून बाहेर काढल्यावर उरलेली अथीनी अपुरी राहते.

आमचे तीन आक्षेप

निबंध नेमका आहे, आणि त्याचे आम्हांला सर्वांत आवडलेले अंग म्हणजे संयम. लेखकांनी वाद 'मिटवला' असे म्हटलेले नाही, त्याला 'हात घातला' असे म्हटले आहे. तरीही वाचताना तीन ठिकाणी थांबावे लागते. हे तीन आक्षेप जितके निबंधावर आहेत, तितकेच तो वाचण्याच्या आपल्या रीतीवरही आहेत.

पहिला आक्षेप नावाबद्दल. जनुके नाते सांगतात, नाव सांगत नाहीत. रानपिंगळा अथीनीच्या आत आहे हे मान्य केले तरी त्यापुढे दोन मार्ग राहतात. एक, त्याला अथीनी म्हणावे. दोन, अथीनीचेच तुकडे करून प्रत्येक शाखेला स्वतंत्र प्रजाती मानावे. मग हेटरोग्लॉक्सही टिकते. दोन्ही मार्ग नियमाला धरून आहेत. अमेरिकेत जमिनीतल्या बिळात राहणारे एक लहान घुबड आहे. तेही एकेकाळी वेगळ्या प्रजातीत होते आणि आता त्याला बहुतेक जण अथीनीत घेतात. पहिला मार्ग सोपा, त्यात नावांची मोडतोड कमी, म्हणून तो सोयीचा. पण सोय म्हणजे शोध नव्हे. प्रजातीची सीमा कुठे आखायची हे काही अंशी माणसांनी आपसांत ठरवायचे असते. जाती निसर्गात एकमेकींपासून वेगळ्या राहतात. प्रजातीभोवतीची कुंपणे मात्र आपण घालतो. गुरुजींच्या प्रश्नाचे हे उत्तर त्या दिवशी आम्ही द्यायला हवे होते.

दुसरा आक्षेप पुराव्याच्या आवाक्याबद्दल. पक्षी दुर्मीळ, त्यामुळे नमुने मोजके. जनुकेही निवडक. पोथीची काही पाने ताडून पाहिली आहेत, संपूर्ण पोथी नाही. एखाद्या जनुकाचा वंशवृक्ष आणि प्रत्यक्ष जातीचा वंशवृक्ष नेहमीच तंतोतंत जुळतात असे नाही. शाखा लवकर लवकर फुटल्या असतील तर वेगवेगळी जनुके थोडा वेगळा क्रम सांगू शकतात. 'ग्लॉसिडियम नव्हे, अथीनी' हा मोठा निष्कर्ष यामुळे डळमळीत होईल असे आम्हांला वाटत नाही. पण अथीनीच्या आत कोण कोणाच्या किती जवळ, हा बारकावा संपूर्ण जनुकसंचाच्या तुलनेनंतरच पक्का मानावा.

तिसरा आक्षेप आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. निबंधाचा कणा जनुकीय आहे, त्यामुळे तो वाचून मनावर असा ठसा उमटतो की शरीर आणि वर्तन हे फितूर साक्षीदार होते, जनुकांनी त्यांना खोटे पाडले. तलासरीला आमच्या तोंडून निघालेले उत्तर त्याच ठशातून आलेले होते. खरे तर या तीन साक्षीदारांना आपण तीन वेगळे प्रश्न विचारायला हवेत.

'समोरचा पक्षी कोण?' हा ओळखीचा प्रश्न. याला शरीर आणि वर्तन हेच उत्तम साक्षीदार. रानात कुणी डी.एन.ए. वाचत नाही. डोक्यावरचे ठिपके पाहतो, हाक ऐकतो.

'ही वेगळी जाती आहे का?' हा दुसरा प्रश्न. इथे वर्तन मोलाचे, कारण जोडीदाराची ओळख वर्तनातून होते. शरीर आणि जनुके त्याला दुजोरा देतात.

'तिचे नाते कुणाशी?' हा तिसरा प्रश्न. इथे शरीर आणि वर्तन घसरू शकतात, कारण सारखे जीवन जगणाऱ्यांना सारखी रूपे आणि सारख्या सवयी येतात. देवमासा माशासारखा दिसतो, वटवाघूळ पक्ष्यासारखे उडते. दिवसा विरळ रानात शिकार करणाऱ्या दोन घुबडांच्या सवयी मिळत्याजुळत्या झाल्या तर त्यात नवल नाही. या प्रश्नाला जनुकांची साक्ष वजनदार.

२०१८ च्या निबंधाने तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याआधीच, दुर्बीण आणि वही घेऊन उन्हात हिंडणाऱ्या लोकांनी दिली होती. आणि जनुकांच्या निकालानंतर वर्तनाचा अभ्यास संपत नाही, उलट त्याला नवा प्रश्न मिळतो : अथीनीच्या घरातल्या या एका भावाने शेजारच्या घरच्यासारख्या लकबी का उचलल्या असाव्यात? या दिशेने निबंधाचा पुढचा भाग कुणीतरी लिहायला हवा.

डहाणू-तलासरीला याचे काय?

एवढा खल एका घुबडाच्या नावावर कशासाठी, असे कुणी विचारील. आपल्या पट्ट्यापुरते तरी त्याला कारण आहे.

२०१४ मध्ये तानसा अभयारण्यात रानपिंगळा आढळला. सुनील लाड आणि रोहिदास डगळे यांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली. तोवर हा पक्षी सातपुडा आणि मेळघाटचा समजला जाई. तानसा आपल्या दक्षिणेला, डांग ईशान्येला. दोहोंच्या मधे जव्हार, डहाणू, तलासरीचा हा सागाचा आणि मिश्र झाडांचा तुटक तुटक रानपट्टा. डहाणू तालुका केंद्र सरकारने १९९१ मध्येच पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. दुसरीकडे महामार्ग, जलदगती रेल्वे आणि वाढवणचे बंदर यांचे बेत याच किनारपट्टीतून जातात. असे प्रकल्प येतात तेव्हा पाहणी होते, पक्ष्यांच्या याद्या तयार होतात. यादीत 'पिंगळा' लिहिले तर कुणी थांबत नाही. 'रानपिंगळा' लिहिले तर थांबावे लागते, कारण वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचे नाव आहे. उलट, प्रत्येक पिंगळ्याला रानपिंगळा म्हणत सुटलो तर खऱ्या नोंदीवरचाही विश्वास उडेल. माइनर्ट्झहागेन यांनी हेतुपुरस्सर जे केले, ते आपल्या हातून अजाणता होऊ नये.

इथेच एका लोकप्रिय युक्तिवादाविषयीही बोलले पाहिजे. 'रानपिंगळा हा स्वतःच्या प्रजातीचा एकमेव सदस्य, म्हणून तो वाचवला पाहिजे' असे म्हटले जाते. ऐकायला हे जोरदार वाटते, पण युक्तिवाद कच्चा आहे. प्रजातीचे कुंपण हलले की तो कोसळतो. २०१८ च्या निबंधाने रानपिंगळ्याला अथीनीत नेले, म्हणजे त्याची किंमत कमी झाली का? त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याचा दर्जा 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' असा एक पायरी खाली आला. त्याचा संबंध नावाच्या बदलाशी नव्हता. नव्या ठिकाणी मिळालेल्या नोंदींनी त्याच्या संख्येविषयी आणि पसाऱ्याविषयीची समजूत बदलली होती. म्हणजे पक्ष्याचे भवितव्य ठरवण्यात प्रयोगशाळेतल्या वंशवृक्षापेक्षा रानातल्या काळजीपूर्वक नोंदींचा वाटा मोठा ठरला. थोड्याच रानांत, थोड्याच संख्येने उरलेली जाती एवढे कारण त्याला जपायला पुरेसे आहे.

वर्गात काय करता येईल?

आपली पाठ्यपुस्तके वर्गीकरण शिकवतात ते तयार तक्ता म्हणून : सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. मुले ते पाठ करतात आणि विसरतात. हा तक्ता वाद घालत घालत तयार झाला आहे आणि आजही बदलतो आहे, हे त्यांना कळतच नाही. आठवी ते दहावीच्या वर्गात पुढील कृती एका तासात होते.

फळ्यावर तीन नावे लिहा : पिंगळा, जंगली पिंगळा, रानपिंगळा. शेजारी चार रकाने करा : डोक्यावर ठिपके आहेत का, अंगावर ठळक आडवे पट्टे आहेत का, दिवसा शिकार करतो का, पाय पिसांनी भरलेले व दणकट आहेत का. पक्षिपुस्तकातली चित्रे पाहून मुलांनी हो-नाही भरायचे. उत्तर 'थोडेसे' असेल तर तेही लिहायचे, कारण निसर्गात बरीच उत्तरे तशीच असतात. मग वर्गाचे चार गट करा. प्रत्येक गटाने एकाच रकान्याच्या आधारे 'या तिघांत जवळचे दोघे कोण' ते ठरवायचे. गटांची उत्तरे जुळणार नाहीत. पट्ट्यांचा गट एक जोडी लावेल, पायांचा गट रानपिंगळ्याला एकटाच काढेल. भांडण जरा रंगू द्या. त्यानंतर निबंधाचा निष्कर्ष सांगा आणि विचारा : जनुकांनी एक जोडी दाखवली, मग बाकीच्या गटांनी पाहिलेली लक्षणे खोटी होती का? या प्रश्नावर मुले जे बोलतील, त्यात तक्ता पाठ करण्यापेक्षा जास्त जीवशास्त्र असेल.

दुसरी कृती लांब पल्ल्याची. शाळेच्या आसपासच्या पिंगळ्यांची वर्षभराची नोंदवही ठेवा. तारीख, वेळ, झाड, किती पक्षी, डोक्यावर ठिपके दिसले की नाही, आवाज कसा, कुणी पाहिले. पिंगळा ओरडला की अपशकुन, ही समजूत आपल्याकडे अनेक घरांत आहे. तिच्यावर व्याख्यान देण्यापेक्षा मुलांना रोज तो आवाज मोजू द्या. शंभराव्या नोंदीनंतर भीती आपोआप ओसरते. दोन पथ्ये मात्र पाळावीत. ध्वनिमुद्रित हाक वाजवून पक्ष्याला बोलवायचे नाही, त्याने विणीच्या काळात त्याची ओढाताण होते. आणि ढोलीपाशी गर्दी करायची नाही.

बिनठिपक्यांच्या डोक्याचा, दणकट पायांचा एखादा पक्षी भर दिवसा फांदीवर दिसलाच, तर छायाचित्र काढावे, ठिकाण आणि वेळ लिहावी, दुसऱ्या दोघांना दाखवावे, आणि खात्री होईपर्यंत वहीत 'रानपिंगळा' असे न लिहिता 'रानपिंगळा?' असे प्रश्नचिन्हासह लिहावे. नंतर वन विभागाला कळवावे. प्रश्नचिन्ह लिहायला लाजू नये. कर्नल साहेबांच्या चिठ्ठीवर तेवढे जरी असते, तरी बरीच पायपीट वाचली असती.

त्या दोन प्रश्नांची उत्तरे आता पुन्हा देतो. बाई, रानपिंगळा वेगळा ठरतो तो त्याच्या ठिपक्यांवरून, पायांवरून, हाकेवरून आणि पिंगळ्याशेजारी राहूनही वेगळा राहण्यावरून. त्यासाठी प्रयोगशाळेची वाट पाहावी लागली नाही. गुरुजी, मुलांना आज अथीनी ब्लेविटी हे नाव सांगावे, हेटरोग्लॉक्सही सांगावे, आणि नाव का बदलले तेही सांगावे. दुसरा शब्द दोन्ही नावांत तोच राहिला आहे, हे कुणाच्या लक्षात येते का ते पाहावे. ज्याच्या लक्षात येईल, त्याला जाती आणि प्रजाती यांतला फरक समजला.